फाटक ओलांडलं की उठवा

भाची: मामा, तुम्ही म्हणालात, आता डावीकडे वळलो की ते फाटक परत दिसणार नाही.

मामा: वळलो की डावीकडे.

भाची: मग हे समोर काय आहे?

मामा: फाटक आहे.

भाची: तेच फाटक आहे. तिसऱ्यांदा. तोच लाल-पांढरा आडवा खांब, तीच निळी खोली, बाहेर तोच बाक, बाकावर त्याच बाई. आता तर त्यांनी हातही केला.

मामा: तू करू नकोस.

भाची: का?

मामा: ओळख वाढते.

भाची: आणि घंटी कशाला वाजवलीत? सकाळी सहापासून या रस्त्यावर आपल्याशिवाय कुणी नाही.

मामा: वळणावर वाजवायची असते. दोन लहान, एक लांब. बावीस वर्षं बस चालवली मी या रस्त्यावर. हात आपोआप जातो.

भाची: बावीस वर्षं, आणि आज तीन तास आपण गोल फिरतोय.

मामा: बसमधून रस्ता वेगळा दिसतो. वरून दिसतो. सायकलवर माणूस फार खाली येतो.

फाटकवाली: या, या. बसा. पहिल्या फेरीला मी कुणाला काही विचारत नाही, म्हटलं वाट चुकले असतील. दुसऱ्या फेरीला वाटतं, काहीतरी हरवलंय. तिसऱ्या फेरीला मी पाणी देते.

भाची: तीन-तीनदा येतात लोक?

फाटकवाली: लोक नाही. मागच्या वर्षी एक वासरू आलं होतं. त्यालाही दिलं.

भाची: मावशी, देवासारख्या भेटलात. मामा, बसा की. आणि ते हेल्मेट काढा. निदान तोंडावरचा रुमाल तरी. पाणी कसं पिणार?

मामा: मला तहान नाही. ऊन लागतं.

भाची: आपण सावलीत आहोत.

मामा: सावलीतलं ऊन फार वाईट.

फाटकवाली: राहू दे, राहू दे. त्यांना बरं वाटत नसेल. तुम्ही कुठल्या कचेरीच्या मॅडम? हातात फळी आहे, कागद आहे, दोरीला पेन बांधलंय, म्हणून विचारलं.

भाची: नकाशा कचेरीची. आम्ही एक पुस्तिका काढतोय, खिशात मावेल एवढी. ‘वाहनमुक्त सायकल मार्ग’. म्हणजे खेड्यापाड्यांतले असे डांबरी रस्ते, जिथे मोटार नाही, लॉरी नाही, काही नाही. माणसानं सायकल काढावी आणि मरणाची भीती न बाळगता जावं. सहा मार्ग झाले. हा सातवा. मामांनीच सुचवला.

फाटकवाली: मामांना बरा माहीत.

भाची: निवृत्त होईपर्यंत बस आगारात चौकशी खिडकीवर होते ते.

मामा: अकरा वर्षं बसलो त्या खिडकीत. या रस्त्याची चौकशी करायला एक माणूस आला नाही. त्यावरून मी ताडलं.

भाची: आणि खरंच, मावशी, सकाळी सहा ते दहा मी मोजलं. एकही वाहन नाही. एक ढकलगाडी गेली, पण तिला इंजिन नव्हतं. हॉर्न तो माणूस तोंडानं वाजवत होता.

फाटकवाली: तो भंगारवाला. तो हौशी आहे.

भाची: आता फक्त पलीकडचा भाग राहिला. तळ्यापर्यंत अकरा किलोमीटर. मावशी, हे फाटक उघडणार कधी?

फाटकवाली: गाडी गेली की.

भाची: गाडी कितीची आहे?

फाटकवाली: नऊ चाळीसची.

भाची: आता दोन वाजून गेले.

फाटकवाली: उशीर झालाय.

भाची: चार तास?

फाटकवाली: अकरा वर्षं.

भाची: काय?

फाटकवाली: अकरा वर्षं आणि वर थोडं. थोडं मी धरत नाही.

भाची: मावशी, अकरा वर्षं गाडी आली नाही म्हणजे ती आता येणार नाही.

फाटकवाली: असं आपण म्हणायचं नसतं. आपल्याला फोनवर सांगतात. अलीकडच्या स्टेशनातून फोन येतो, गाडी सुटली. मी फाटक लावते. पलीकडच्या स्टेशनातून फोन येतो, गाडी पोचली. मी फाटक उघडते. त्या दिवशी पहिला फोन आला. दुसरा यायचा आहे.

भाची: पण तुम्ही विचारलं नाहीत कुणाला?

फाटकवाली: विचारलं तर. अलीकडचे मास्तर म्हणाले, आमच्याकडून गेली. पलीकडचे म्हणाले, आमच्याकडे आली नाही. दोघंही खरं बोलत होते, आवाजावरून कळतं. मग मी स्वतः रुळावरून बघून आले, इकडे वळणापर्यंत, तिकडे वळणापर्यंत. फाटक सोडून त्यापुढे जाता येत नाही. गाडी नव्हती. एक इंजिन आणि चार डबे, मॅडम. शेळी असती तर म्हटलं असतं, गेली असेल कुणाच्या मळ्यात.

भाची: मग?

फाटकवाली: मग दुपारी पत्र आलं. हा लोहमार्ग आजपासून बंद करण्यात येत आहे.

भाची: झालं तर! मार्गच बंद!

फाटकवाली: मार्ग बंद झाला. फाटकाबद्दल पत्रात काही नव्हतं. म्हणून मी वरच्या कचेरीला लिहिलं, फाटक उघडू का? उत्तर आलं, गाडी पोचल्याचा निरोप मिळाल्याशिवाय उघडू नये.

भाची: पण पलीकडचं स्टेशन राहिलं का?

फाटकवाली: नाही. तिथे आता कोंबड्या पाळतात.

भाची: मग निरोप देणार कोण?

फाटकवाली: म्हणून तर उशीर होतोय.

भाची: मामा, तुम्हाला काही कळतंय?

मामा: मी काही ऐकलं नाही. हेल्मेटमधून ऐकू येत नाही.

भाची: आणि वाहनं? वाहनवाले भांडले नाहीत?

फाटकवाली: महिनाभर भांडले. मग पलीकडच्या गावांनी तळ्याला वळसा घालून नवा रस्ता करून घेतला. अलीकडचे मोठ्या रस्त्यानं जायला लागले. इथे यायचं, फाटकाला नाक लावायचं आणि मागे फिरायचं, हे कोण करणार? बाजूला ही एवढीशी वाट आहे. माणूस जातो. सायकल हातात धरली तर सायकल जाते. मोटार नाही जात. एकानं प्रयत्न केला होता, त्याचा आरसा आहे माझ्याकडे. वेणी घालायला बरा पडतो.

भाची: म्हणजे हा रस्ता खरोखर वाहनमुक्त आहे. योगायोगानं नाही. पक्का. मावशी, तुम्हाला कल्पना नाही मला किती बरं वाटलं ते.

फाटकवाली: का हो? एवढं काय?

भाची: माझा आधीचा मार्ग, मार्ग चार. त्यावरही मला एकही वाहन दिसलं नव्हतं. मी लिहून टाकलं, वाहनमुक्त. पुस्तिकेआधी एक चाचणी सहल काढली साहेबांनी. सव्वीस सायकलस्वार. सगळे थेट दगडखाणीत गेले. मी मोजायला गेले त्या दिवशी खाणीला सुट्टी होती.

फाटकवाली: अगं बाई. कुणाला लागलं?

भाची: लागलं नाही. पण सुरुंगाची वेळ होती. सव्वीसच्या सव्वीस पांढरे होऊन परत आले. एका गृहस्थांना त्यांच्या बायकोनं दारातून परत पाठवलं. तेव्हापासून साहेबांनी फॉर्मात एक रकाना वाढवला. माझ्यासाठी. हा बघा, शेवटचा. ‘वाहने नसण्याचे कारण’. थांबा, त्यांचाच फोन.

फाटकवाली: त्या स्टुलावर उभ्या राहा. खाली आवाज येत नाही.

भाची: हॅलो सर. हो सर, मार्ग सात. शून्य, सर. शून्य म्हणजे एकही नाही. नाही, आज सुट्टी नाही, गुरुवार आहे. ढकलगाडी, सर, तोंडानं. नाही, तोंडानं ढकलत नव्हता. पूल आहे सर, पाहिला. उभी राहिले त्याच्यावर. उड्या मारल्या सर, मामांनीही मारल्या. खाण नाही. आसपाससुद्धा नाही. कारण? आहे सर, कारण आहे, फार सुंदर कारण आहे. पाचच्या आत पाठवते. हो सर, छापखाना पाचला घेतो, कळलं. नाही सर, ‘माहीत नाही’ असं लिहिणार नाही. हो. कळलं. मग टेबल रिकामं करायचं. हो सर, कुंडीसकट.

फाटकवाली: कुंडी तुमची आहे?

भाची: माझीच आहे. उतरू का स्टुलावरून? मामा, धरा जरा. हं. लिहून टाकते. ‘वाहने नसण्याचे कारण: रेल्वे फाटक अकरा वर्षे बंद आहे.’

फाटकवाली: असं लिहिणार तुम्ही?

भाची: खरं आहे ना?

फाटकवाली: खरं आहे. तुमचे साहेब वाचतील.

भाची: वाचतील आणि छापतील. प्रत्येक मार्गाखाली कारण छापायचं ठरलंय.

फाटकवाली: छापलं की आमचे साहेब वाचतील.

भाची: ते कशाला वाचतील नकाशाची पुस्तिका?

फाटकवाली: नवीन आलेत. सायकल चालवतात.

भाची: बरं मग?

फाटकवाली: मग ते म्हणतील, अकरा वर्षं? आणि उघडतील. बंद फाटकावर माणूस लागतोच, असा नियम आहे. म्हणून मी आहे. गाडी नसलेल्या उघड्या फाटकावर माणूस लागत नाही.

भाची: निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?

फाटकवाली: दोन वर्षं, एक महिना. पण माझं सोडा. फाटक उघडलं की तळ्याकडे जायला वीस किलोमीटर वाचतात. आठवड्यात लॉऱ्या येतील.

भाची: म्हणजे मी खरं कारण लिहिलं, की ते छापलं जाईल. छापलं, की फाटक उघडेल. उघडलं, की वाहनं येतील. आणि पुस्तिका हातात धरून लोक सायकलवरून येतील ते लॉऱ्यांसमोर.

मामा: मार्ग चार.

भाची: मामा, तुम्हाला ऐकू येतंय.

मामा: अधूनमधून.

भाची: आणि काहीच नाही लिहिलं तर माझं टेबल गेलं.

फाटकवाली: आणि लिहिलंत तर माझा बाक.

भाची: मला पाचच्या आत ठरवायचंय आणि मला एवढंही कळत नाहीये की ही गाडी गेली कुठे! हे कळल्याशिवाय मी काय लिहू? साहेब मला विचारणार, फाटक का बंद? मी सांगणार, गाडी सापडत नाही. त्यांना वाटेल, मी पुन्हा खाणीत गेले.

मामा: गाडीचं काय घेऊन बसलीस! सगळा घोळ या बाईंचा. त्या दिवशी दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं फाटक उघडलं असतं, तर माझी बस पलीकडे गेली असती, माझा रस्ता राहिला असता आणि मी त्या खिडकीत म्हातारा झालो नसतो!

फाटकवाली: ती घंटी वाजवा बघू.

मामा: कुठली घंटी?

फाटकवाली: सायकलची. वाजवा.

भाची: दोन लहान, एक लांब. तीच वाजवली त्यांनी, मावशी. का?

फाटकवाली: ड्रायव्हरसाहेब.

मामा: हं.

फाटकवाली: तुम्ही म्हणाला होता, या फाटकाला पुन्हा तोंड दाखवणार नाही.

मामा: दाखवलेलं नाही. रुमाल बांधलाय.

भाची: थांबा. तुम्ही ओळखता एकमेकांना? मामा, म्हणून तुम्ही मला तीन तास डावीकडे वळवत होतात?

मामा: पहिल्या वेळी वाटलं, आता उघडलं असेल. नव्हतं. दुसऱ्या वेळी वाटलं, आपण एक चक्कर मारून येईपर्यंत उघडतील. तिसऱ्या वेळी मी खरंच चुकलो.

फाटकवाली: दिवसातून चार वेळा यांची बस जायची इथून. फाटक लागलं की थांबायची सात मिनिटं. मी खिडकीतून पाणी द्यायचे. ते पेला परत द्यायचे. बावीस वर्षांत एक पेला हरवला नाही.

मामा: एक पोचा आला होता.

फाटकवाली: तो मी सरळ केला. आणि त्या दिवशी तीन तास उभे राहिले, हॉर्न वाजवला, मला नको ते बोलले, आणि बस उलटी नेत गेले.

मामा: वळवायला जागा कुठे आहे इथे? चार किलोमीटर उलटी नेली. मागे बघून मान आखडली. अजून उजवीकडे वळत नाही.

भाची: म्हणून सगळं डावीकडे. पण मामा, बसमधले लोक?

मामा: लोक काय, उतरले एकेक करून. बाजूच्या वाटेनं गेले चालत. कंडक्टरसुद्धा गेला, त्याचं घर जवळ होतं. शेवटी एकच उरला.

भाची: तो का नाही उतरला?

मामा: झोपला होता. मागच्या बाकावर.

भाची: मग उठवायचं त्याला!

मामा: कसा उठवणार? बसमध्ये चढतानाच मला सांगितलं होतं त्यानं, फाटक ओलांडलं की उठवा.

भाची: बरं. मग?

मामा: मग काय मग. ओलांडलं का फाटक? नाही ओलांडलं.

भाची: तीन तास, मामा!

मामा: प्रवाशाला शब्द दिलेला असतो. रात्रपाळी करून आला होता बिचारा. उलटी बस नेताना एवढे हादरे बसले, पण उठला नाही. आगारात पोचल्यावर आपणहून जागा झाला, खिडकीबाहेर बघितलं, काहीतरी ओरडला आणि पळत सुटला. पिशवी बसमध्येच राहिली.

फाटकवाली: कसली पिशवी?

मामा: साधी. एक डबा, त्यात काही नव्हतं. एक लाल झेंडी, एक हिरवी झेंडी. आणि ती लोखंडी मूठ.

भाची: कुठली मूठ? आपल्या न्हाणीघराच्या दाराला लावतो ती?

मामा: तीच. चौकशी खिडकीत ठेवली होती वर्षभर, मालक आला नाही. मग घरी आणली. आज बरोबर घेतलीय, कुत्र्यांसाठी. पिशवीत आहे बघ.

फाटकवाली: दाखवा इकडे.

भाची: ही घ्या. जड आहे. मावशी, काय झालं? त्यावर आकडा आहे काहीतरी.

फाटकवाली: आकडा नऊ चाळीसच्या इंजिनाचा आहे.

भाची: म्हणजे?

फाटकवाली: ही लावल्याशिवाय इंजिन हलत नाही. ड्यूटी संपली की ड्रायव्हर काढून आपल्याबरोबर नेतो, दुसऱ्या दिवशी घेऊन येतो. फाटकापलीकडे उतरायचं आणि शेतातून गाडी सुटते त्या स्टेशनाला जायचं, असा त्यांचा रस्ता. तुमची बस नऊला पलीकडे असायची, ड्रायव्हरसाहेब. रोज. त्या दिवशी नऊ चाळीसला फाटकाच्या अलीकडे कशी?

मामा: पंक्चर झालं होतं.

फाटकवाली: तुम्ही तेव्हा बोलला नाहीत.

मामा: चाळीस मिनिटं उशीर होता मला. मीच ओरडलो, म्हणून तो कुणी मोजला नाही.

भाची: एक मिनिट. मला लिहू द्या. नाही, लिहून कळणार नाही. फाटक थांबलं होतं गाडीसाठी.

फाटकवाली: हो.

भाची: बस थांबली होती फाटकासाठी. गाडीचा ड्रायव्हर बसमध्ये झोपला होता. आणि गाडी—

मामा: ड्रायव्हरसाठी थांबली होती.

भाची: पण मास्तर म्हणाले ना, गाडी सुटली?

फाटकवाली: मास्तर घड्याळ बघून सांगायचे. त्यांच्या घड्याळाचा त्यांना भारी अभिमान होता. खिडकीतून गाडी दिसायची नाही, खिडकीला साबणाची जाहिरात लावलेली.

भाची: आणि दुपारी मार्गच बंद झाला. म्हणजे गाडी सुटलीच नाही. कधीच.

(फाटकवाली मूठ दोन्ही हातांत धरून बाकावर बसते.)

फाटकवाली: झोप लागली होती का त्यांना नीट?

मामा: घोरत होता. मधे एकदा हसला झोपेत.

फाटकवाली: बरं झालं. रात्रपाळी वाईट असते.

मामा: बाई, मी घरी सगळ्यांना सांगत आलो, एका फाटकवालीनं माझा रस्ता खाल्ला. या पोरीलाही लहानपणापासून तेच सांगितलं.

भाची: मला वाटायचं, फाटकवाली म्हणजे राक्षसिणीचा एक प्रकार.

फाटकवाली: मीही वरच्या कचेरीला लिहिलं होतं. बसचा ड्रायव्हर शिवीगाळ करतो. रजिस्टरला नोंद आहे, शब्दांसकट.

मामा: शब्द खोडता येतील का?

फाटकवाली: रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.

भाची: मावशी, आता तर कळलं ना. गाडी सुटलीच नाही, म्हणजे फाटक लावायलाच नको होतं. आता तुम्ही काय करणार? उघडणार?

फाटकवाली: तुला काय वाटतं, पोरी?

भाची: मला काही वाटत नाहीये. सकाळपासून मला वाटलेलं सगळं चुकलंय. तुम्ही रोज लिहिता तरी काय त्या रजिस्टरला?

फाटकवाली: एकच ओळ. हे घे, आजचं पान.

भाची: ‘फाटक बंद. गाडी अपेक्षित.’ कालचं, ‘फाटक बंद. गाडी अपेक्षित.’ परवाचं, ‘फाटक बंद. गाडी अपेक्षित. वासरू येऊन गेले.’

फाटकवाली: ते परत आलं होतं.

भाची: ‘गाडी अपेक्षित.’ हे खोटं आहे का, मावशी?

फाटकवाली: दुपारपर्यंत नव्हतं.

भाची: आणि आता?

फाटकवाली: गाडी सुटली, असा निरोप मला आलेला आहे. सुटली नाही, असा निरोप आलेला नाही. निरोप फोनवर येतो. ड्रायव्हरसाहेब म्हणजे फोन नव्हे.

मामा: मी फोन नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

भाची: मावशी, स्टूल द्या. मामा, धरा. हॅलो, सर? कारण लिहिलंय. वाचते. ‘वाहने नसण्याचे कारण: गाडी अपेक्षित.’ हो सर. गाडी यायची आहे म्हणून रस्त्यावर गाड्या नाहीत. नाही सर, मलाही नीट नाही कळलं. पण नोंद आहे, सर. सरकारी रजिस्टर, रोजची सही, अकरा वर्षांची. खाडाखोड एकही नाही. हो, मी स्वतः पाहिली. हो. नोंद असली तर चालेल? आणि सर, खाली एक सूचना टाकायची. ‘फाटकाशी सायकलवरून उतरावे. बाजूच्या वाटेने सायकल हातात धरून जावे.’ हो सर. नाही, पांढरं कुणी होणार नाही. शब्द देते. कुंडी? कुंडी राहू दे म्हणता? थँक यू, सर.

मामा: काय म्हणाले?

भाची: म्हणाले, कारण वाचून गोंधळायला होतं, पण चार नंबरच्या वेळेला कारण अगदी स्पष्ट कळलं होतं, त्यापेक्षा हे बरं.

फाटकवाली: आता निघा. तळ्यापर्यंत जाऊन पाचच्या आत परत यायचंय तुम्हाला. पाहिल्याशिवाय छापू नकोस, पोरी.

भाची: पाहून परत फोन करते त्यांना. स्टुलावरूनच करावा लागेल. येताना थांबते.

मामा: ती मूठ ठेवा तुमच्याकडे, बाई. तुमच्या खात्याची वस्तू आहे.

फाटकवाली: जमा केली तर पावती द्यावी लागते. पावतीवर लिहावं लागतं, कुठे सापडली, कशी सापडली. न्या ती. दाराला लावा.

मामा: दार नीट लागतं तिनं.

फाटकवाली: बघा मग. इथे असती तर नुसती पडून राहिली असती. पाणी?

मामा: द्या. रुमाल सोडतो. तोच पेला का हा?

फाटकवाली: पोचा खालच्या बाजूला आहे, बोट फिरवा. उद्या येणार?

मामा: मार्ग छापला की येणारच. चूक राहिली असेल तर बघायला नको का कुणी?

फाटकवाली: चारदा नाही जमायचं आता.

मामा: सायकलवर एकदाच जमेल. पण वेळेवर.

भाची: चला, मामा. मी पुढे होते. सायकल तिरकी धरा, हँडल अडकतंय.

फाटकवाली: रुळावर आलात की दोन्हीकडे बघा.

भाची: मावशी, आता कुठली गाडी येणार?

फाटकवाली: बघा.

भाची: बघितलं. इकडे घेवड्याचे वेल, तिकडे घेवड्याचे वेल. मामा, तुम्ही का थांबलात?

मामा: बघतोय. उजवीकडे मान वळत नाही, म्हणून अंगच फिरवावं लागतं. हं. चल.

भाची: बसा आता. रस्ता बघा कसा आहे, मधोमध गवत आलंय. अहो, आता घंटी कुणासाठी? रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मामा: ओलांडलं ना आपण फाटक?

भाची: ओलांडलं.

मामा: मग. उठवायचं होतं एकाला.